आफ्टरमार्केट ब्रेक लाइन घालायच्या का, आणि घालायच्या तर नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी अकरा वर्षांची, पुढच्या दोन्ही रबरी ब्रेक होजना भेगा पडल्यात आणि मागच्या चाकाकडे जाणारा पाइप गंजलाय. मेकॅनिक म्हणतो पुढं स्टीलच्या जाळीवाल्या आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नसलेल्या बाहेरच्या, होज टाकू आणि मागं गंजलेला तेवढाच तुकडा कापून मधे तांब्याचा पाइप जोडून देतो. मित्र म्हणतो बाहेरची होज अजिबात लावू नको, एक दिवस फुटेल. मग ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. पुढच्या जाळीवाल्या होज चालतील, पण कुठल्याही नाही, कुठल्या ते खाली येतंच. मागचा तुकडा जोडायला मात्र सरळ नाही म्हणा, तो पाइप एका जोडापासून पुढच्या जोडापर्यंत अख्खा बदलायचा. तुमचा मेकॅनिक बाकी कितीही चांगला असला तरी या एका बाबतीत त्याचं ऐकू नका.

मी गेली चोवीस वर्षं मुख्यतः ब्रेकचंच काम करतोय आणि या काळात गेलेल्या लाइन भरपूर हातात आल्या, त्यात मधोमध मोकळ्या भागात फुटलेली लाइन फार म्हणजे फारच क्वचित बघितलीय. लाइन जाते ती जिथं तिला कशानं तरी धरून ठेवलेलं असतं तिथं. होज जिथं क्रिंपमधे, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीत, शिरते तिथं, पाइप जिथं क्लिपखाली दडलेला असतो तिथं, नटाच्या आत जिथं पाइपचं टोक पसरवून फ्लेअर केलेला असतो तिथं, ब्रॅकेटच्या भोकात. त्यामुळे कंपनीची की बाहेरची हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो, पहिला प्रश्न हा की तिची टोकं कशी केलीत आणि गाडीत ती कशी धरलीय. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात पार्ट हातात घेतल्यावर तुमची नजर आपोआप योग्य जागी जाते.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, पेडल जोरात दाबलं की लाइनमधे १०० बारच्या आसपास दाब सहज जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या चाळीसेक पट. आणि हा दाब दिवसातून शेकडो वेळा येतो आणि जातो, वर पुढची होज चाकाबरोबर खालीवर होते, स्टिअरिंगबरोबर वळते, चिखल आणि पाणी खाते आणि डिस्कची उष्णता सोसते. गाडीत एवढा छळ सोसणारा आणि एवढा दुर्लक्षित पार्ट दुसरा क्वचितच असेल.

आता रबरी होज. लोक हिला उगाच कमी लेखतात. आतली नळी ईपीडीएम रबराची, तिच्यावर विणलेल्या धाग्याचे एक किंवा दोन थर, वर परत रबर. चांगल्या कंपनीची असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि हिचा सगळ्यात मोठा गुण हा की ती जायच्या आधी बहुतेक वेळा सांगते. बाहेरून भेगा पडतात, वाकवली की दिसतात, एखाद्या ठिकाणी फुगा येतो, ओलसर होते. तुमच्या होजना भेगा दिसतायत म्हणजे होजनं तिचं काम केलंय, आता तुम्ही तुमचं करा, आणि पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबू नका.

पण एक प्रकार असा आहे की बाहेरून काहीच दिसत नाही. एक गाडी माझ्याकडे आली होती, पुढचं उजवं चाक तापायचं, थोडं अंतर चाललं की जळका वास, आणि गाडी एका बाजूला ओढायची. आधी दुसरीकडे पॅड बदलून झाले होते, कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, तोही नवा टाकला होता, तरी तेच. मी गाडी जॅकवर घेतली, पेडल दाबून सोडलं, चाक हातानं फिरेना. मग वरचा जोड, म्हणजे लोखंडी पाइप जिथं होजला मिळतो तो, थोडा सैल केला. थेंब आले, पण चाक तसंच घट्ट. मग कॅलिपरची हवा काढायची ब्लीडर निप्पल अर्धा आटा उघडली, तर ब्रेक ऑइलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळं. म्हणजे दाब होजच्या खाली अडकला होता, वर परत जात नव्हता. होज काढली, बाहेरून अगदी धड, भेग नाही काही नाही. ब्लेडनं क्रिंपपासून चार बोटांवर उभी चिरली तर आतल्या नळीचं रबर सुटून त्याचा नखाएवढा पापुद्रा लोंबत होता. पेडल दाबलं की ऑइल त्याला ढकलून पुढं जायचं आणि सोडलं की तोच पापुद्रा दार लावल्यासारखा बसायचा. अख्खा कॅलिपर बदलला गेला होता आणि दोष एका पापुद्र्याचा. तर अकरा वर्षांच्या गाडीत होज बाहेरून बरी दिसते म्हणून ती बरी आहे असं मी कधी धरत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलतो, एक बाजू नवी एक जुनी ठेवत नाही.

हा पापुद्रा सुटतो कशानं, तर वयानं, आणि बऱ्याचदा आपल्याच हातानं. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत सोडला की सगळं वजन क्रिंपवर येतं. ऑइल गळू नये म्हणून होज साध्या पकडीनं दाबून धरली की आतलं रबर चिरतं. कॅलिपर तारेनं किंवा हुकानं स्प्रिंगला टांगायचा, एवढी साधी गोष्ट, आणि अर्ध्या ठिकाणी होत नाही.

आता जाळीवाली होज. हिच्यात आतली नळी रबराची नसते, पीटीएफई म्हणजे टेफ्लॉनची असते, तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची विणलेली जाळी, आणि चांगल्या होजवर सगळ्यात बाहेर प्लास्टिकचं आवरण. टेफ्लॉन दाबाखाली फुगत नाही म्हणण्याइतकं कमी फुगतं, ब्रेक ऑइलचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि रबरातून जसा ओलावा हळूहळू आत जिरतो तसा यातून फारसा जिरत नाही. कागदावर सगळंच चांगलं.

मग या होजची बदनामी का झाली? त्याला कारण आहे. अमेरिकेत ब्रेक होजसाठी एफएमव्हीएसएस १०६ नावाचा नियम आहे, त्यात एक चाचणी अशी की होज मशीनवर लावून मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या वेगानं सलग ३५ तास हलवत ठेवायची, आत पाण्याचा दाब ठेवून, आणि ती फुटता कामा नये. सुरुवातीच्या जाळीवाल्या होज नेमक्या इथंच मार खायच्या. दाब सोसायला त्या रबरापेक्षा कितीतरी दणकट, पण जाळी जिथं फिटिंगमधे शिरते तिथं सगळा वाक एकाच रेषेत यायचा आणि तारा एकेक करून तुटायच्या. नंतर चांगल्या कंपन्यांनी टोकाला आधार द्यायला सुरुवात केली, म्हणजे क्रिंपच्या पुढं थोड्या अंतरापर्यंत रबराची किंवा प्लास्टिकची बाही, त्यामुळे वाक एका जागी न येता पसरतो. म्हणून होज हातात घेतली की पहिल्यांदा तिथं बघा. क्रिंप एकसारखा, सगळ्या बाजूंनी सारख्या खुणांचा, आणि टोकाला आधाराची बाही आहे का. नसेल आणि उघडी जाळी थेट धातूत शिरत असेल तर ती होज पुढच्या चाकाला मी लावत नाही, कितीही भारी नाव छापलेलं असलं तरी.

दुसरी गोष्ट छापलेल्या अक्षरांची. डॉट हा शब्द होजवर असतो आणि ब्रेक ऑइलच्या डब्यावर पण असतो, तो एकाच ठिकाणाहून आलाय, अमेरिकेचं परिवहन खातं. पण इथं मोठा गैरसमज आहे. पुष्कळ विक्रेते डॉट अप्रूव्हड म्हणून सांगतात, तर तिथलं सरकार कुठलीही होज तपासून मंजूर करत नाही, बनवणारा स्वतःच जाहीर करतो की माझा माल नियमात बसतो, आणि खोटं निघालं तर कारवाई होते. जर्मनीत पद्धत वेगळी, तिथं केबीए म्हणजे त्यांचं वाहन खातं पार्टला मंजुरी देतं आणि मंजुरीच्या कागदावर तो कुठल्या मॉडेलला चालतो तेही लिहिलेलं असतं. त्यामुळे डॉट ही अक्षरं म्हणजे कंपनीचा शब्द, आणि शब्दाला किंमत तो देणाऱ्याइतकीच. नाव, पत्ता, तारीख काहीच नसलेली आणि फक्त डॉट छापलेली होज म्हणजे माझ्या लेखी कोरी होज.

खऱ्या होजवर काय असतं ते सांगतो. डॉट, बनवणाऱ्याची खूण, बनवल्याची तारीख, आतला व्यास, आणि एचआर किंवा एचएल. एचआर म्हणजे दाबाखाली नेहमीइतकी फुगणारी, एचएल म्हणजे कमी फुगणारी. ३ मिलिमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या होजला १५०० पीएसआय दाबाला एका फुटामागे एचआरला जास्तीत जास्त ०.७९ घन सेंटिमीटर फुगायची मुभा आहे आणि एचएलला ०.४२. फुटण्याची चाचणी म्हणाल तर आधी ४००० पीएसआय दाब २ मिनिटं धरायचा आणि मग याच मापाच्या होजनं किमान ७००० पीएसआयपर्यंत टिकायचं, म्हणजे जवळपास ४८० बार. तुमच्या पायानं एवढा दाब येऊच शकत नाही. म्हणून नियमात बसणारी होज, रबरी असो की जाळीची, नुसत्या दाबानं फुटेल ही मित्राची भीती तुम्ही बाजूला ठेवा. फुटते ती ओढल्यानं, घासल्यानं, पिळल्यानं आणि टोकाशी वाकून वाकून.

आणि एचआर एचएलचं एवढ्यासाठी सांगितलं की जाळीवाली लावली की ब्रेक लवकर लागतो असं जे सांगतात त्यात निम्मं तथ्य आहे. पेडल घट्ट लागतं, पायाला जास्त नेमकं कळतं, हे खरं. पण गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर, आणि एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, लागेपर्यंत ब्रेक दाबता येत असेल तर होज बदलून थांबायचं अंतर कमी होत नाही. कंपनीच्या बऱ्याच रबरी होजवरही एचएलच छापलेलं असतं. माझा अनुभव असा की गिऱ्हाईक जाळीची होज टाकून खूश होतं त्यातला मोठा वाटा नव्या ब्रेक ऑइलचा आणि नीट हवा काढल्याचा असतो, आणि अकरा वर्षांची थकलेली होज निघून नवी आल्याचा. नवी रबरी टाकून नीट ब्लीडिंग केलं असतं तरी पेडल बरंच सुधारलं असतं. तेव्हा रोजच्या वापराची गाडी असेल तर चांगल्या कंपनीची रबरी होज टाकलीत तरी तुम्ही काही गमावत नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो, जाळीवाली मागितली तरी सांगतो.

जाळीवालीचे तोटे पण समजून घ्या. पहिला, ती आधी सांगत नाही. आतलं टेफ्लॉन जाळीनं झाकलेलं, त्याला चीर पडली तर बाहेरून दिसणार कशी? दुसरा, टेफ्लॉनला एकदा कचका पडला, म्हणजे ठराविक मर्यादेपेक्षा जास्त वाकवून मोडली, की तो पडलेला चट्टा कायमचा, परत सरळ केली तरी ती जागा कमजोर राहते. बसवताना बोल्ट लागत नाही म्हणून होज मुरगळून धरणारे लोक मी बघितलेत, ती होज तिथंच संपली. तिसरा, उघडी जाळी करवतीसारखी घासते. एबीएस सेन्सरची वायर, बाजूचं रबरी बूट, रंगवलेला पत्रा, जे लागेल ते खाते. आणि उलट बारीक रेती जाळीत शिरली की ती आतून टेफ्लॉनला घासत राहते. म्हणून बाहेर आवरण असलेलीच घ्या आणि आवरण फाटलं की होज बदला.

तपासायची माझी एक पद्धत आहे, कुणालाही घरी करता येते. आवरण नसलेल्या भागावर, विशेषतः क्रिंपच्या तोंडाशी, कापसाचा बोळा हलक्या हातानं सगळीकडून फिरवायचा. जाळीची एक जरी तार तुटली असेल तर ती केसासारखी बाहेर आलेली असते आणि कापसाचे धागे तिच्यात अडकतात. डोळ्याला न दिसणारी तार कापसाला सापडते. एक तार अडकली की होज काढायची, दुसरी तुटायची वाट बघायची नाही.

लांबीवर मला जरा जास्त बोलायचंय कारण इथं मी स्वतः चुकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गाडीला मी आफ्टरमार्केट सेट बसवला, बॉक्सवर त्याच मॉडेलचं नाव होतं. गाडी जॅकवर, चाकं सरळ, होज छान बसली, हवा काढली, गाडी दिली. दोन महिन्यांनी ती गाडी दुसऱ्याच कामासाठी आली, मी सहज स्टिअरिंग पूर्ण डावीकडं वळवून आत डोकावलो तर उजवी होज ताणलेल्या दोरीसारखी सरळ, बोटानं दाबली तर हलत नव्हती. त्या मॉडेलच्या दोन प्रकारांत सस्पेन्शन वेगळं होतं आणि सेट दुसऱ्या प्रकाराचा होता. क्रिंपपाशी आवरण पांढरं पडायला लागलं होतं. ती होज किती दिवस टिकली असती याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, होज बसवली की चाक पूर्ण लोंबू द्यायचं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, प्रत्येक टोकाला होजमधे सैलपणा आहे का ते हातानं बघायचं, मग सस्पेन्शन जॅकनं वर दाबून परत तेच, आणि होज टायरला, स्प्रिंगला, रिमला कुठं शिवते का ते बघायचं. याला दहा मिनिटं लागतात. गाडी उंच केली असेल, लिफ्ट किट वगैरे, तर मूळ लांबीची होज चालणारच नाही, लांब घ्यायची, आणि लांब म्हणजे नको इतकी लांब पण नाही, नाहीतर ती लोंबून घासते.

पीळ पण तसाच. बऱ्याच रबरी होजवर लांबीच्या दिशेनं रंगाच्या रेषा असतात, त्या शोभेला नाहीत. बसवल्यावर रेषा सरळ गेली पाहिजे, मलखांबाच्या दोरीसारखी गुंडाळत गेली तर होजला पीळ बसलाय, नट सोडून परत लावा. जाळीवालीवर रेषा नसेल तर मी बसवायच्या आधी स्वतः मार्करनं एक ओढून घेतो. आणि ब्रॅकेटमधली क्लिप. मूळ होजची फिटिंग ब्रॅकेटच्या भोकात फिरू नये म्हणून तिला खाच किंवा कोन असतो, काही आफ्टरमार्केट होजची फिटिंग नुसती गोल असते, क्लिप नीट बसत नाही, मग लोक केबल टायनं बांधून मोकळे होतात. केबल टाय ही ब्रॅकेटची जागा घेऊ शकत नाही. ब्रॅकेटमधे घट्ट बसत नसेल तर तो सेट परत करा.

बँजो बोल्टचं, म्हणजे होजच्या टोकाचं कडं (बँजो) कॅलिपरला धरणाऱ्या पोकळ बोल्टचं, एक सांगायलाच हवं. कॅलिपरमधे बऱ्याचदा एम १० चा बोल्ट असतो, पण त्याच्या आट्यांचं अंतर कुठं १.० मिलिमीटर तर कुठं १.२५. सेटबरोबर चुकीचा बोल्ट आला तर तो एखाददोन आटे हातानं जातो, मग जड होतो, आणि इथं पाना लावून जोर केला की कॅलिपरचे ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. कधीकधी तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, गळत पण नाही, आणि पहिल्या खऱ्या जोराच्या ब्रेकला सुटतो. म्हणून जुना बोल्ट आणि नवा बोल्ट आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरायचे, मधे फट दिसली तर मापं वेगळी आहेत. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळण्याला, तोही टॉर्कचा, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. आणि तांब्याचे वायसर (वॉशर) बँजोच्या दोन्ही बाजूंना नवे. जुना वायसर एकदा दबलेला असतो, तो परत तसा दबत नाही, मग गळतं म्हणून अजून आवळतात, मग बोल्टची मान तुटते.

आता मागच्या पाइपकडं येतो, कारण खरं सांगायचं तर तुमच्या गाडीतला मोठा धोका मला तो वाटतो. होज सगळे बघतात, पाइप कुणी बघत नाही, तो गाडीच्या पोटाखालून क्लिपांमधून जातो आणि प्रत्येक क्लिपमधे चिखल आणि ओल धरून राहते. बाहेर पाइप बरा दिसतो आणि क्लिप काढली की खाली खपल्या. अमेरिकेत १९९९ ते २००३ सालच्या जनरल मोटर्सच्या ट्रकमधे पाइप गंजून ब्रेक जायच्या तक्रारी मोठ्या संख्येनं आल्या, तिथल्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं, एनएचटीएसएनं, बरीच वर्षं चौकशी केली आणि २०१५ साली ती बंद करताना रस्त्यावरच्या मिठानं येणारा गंज हे कारण धरून २००७ आणि त्याआधीच्या गाड्या वापरणाऱ्या सगळ्यांनाच पाइप तपासून घ्यायला सांगितलं. म्हणजे बघा, हे कंपनीचे ओरिजिनल पाइप होते. ओरिजिनल आहे म्हणून टिकेल असं काही नाही, आणि इथं बाहेरचा पाइप मूळ पाइपपेक्षा चांगला मिळू शकतो.

तो म्हणजे तांबं आणि निकेलचा मिश्रधातू, साधारण ९० टक्के तांबं आणि १० टक्के निकेल, थोडं लोह. व्होल्व्होनं हा १९७० च्या दशकातच गाड्यांत वापरायला सुरुवात केली. गंजत नाही म्हटलं तरी चालेल, हातानं वाकतो, फ्लेअर सुंदर होतो. मेकॅनिक तांब्याचा पाइप म्हणतो तेव्हा त्याला हा म्हणायचाय की निव्वळ तांब्याचा, ते आधी विचारा. निव्वळ तांबं मऊ असतं, गाडीच्या थरथरीनं कडक होत जातं आणि मग फ्लेअरपाशी तडकतं, ते मी ब्रेकला वापरत नाही. आणि स्टेनलेसचा कडक पाइप दिसायला देखणा, पण इतका कठीण की साध्या हत्यारानं त्याचा फ्लेअर नीट होत नाही आणि सीटवर, म्हणजे समोरच्या बसायच्या जागेवर, बसताना दबत नाही, मग पाझरतो. कसलेल्या माणसाकडं हत्यार असेल तरच.

मधे तुकडा जोडायला मी नाही का म्हणालो? कारण असे तुकडे बहुतेक वेळा कंप्रेशन जोडानं जोडतात, म्हणजे पाइपवर एक पितळी रिंग घालून नट आवळायचा, ती रिंग पाइपला नुसती आवळून धरते. नळाच्या पाण्याला ठीक आहे, ब्रेकच्या दाबाला पाइप त्यातून सरकून बाहेर येऊ शकतो. दोन्ही टोकं फ्लेअर करून युनियननं, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या फिटिंगनं, जोडलं तर ते तांत्रिकदृष्ट्या धड आहे, पण मग तुमचा उरलेला अर्धा पाइप तोच जुना अकरा वर्षांचा, तितकाच गंज खाल्लेला, आणि तुम्ही धरायच्या जागा दोनानं वाढवल्या. अख्खा बदलायला एखादा तास जास्त लागेल, लागू दे.

फ्लेअरचे दोन प्रकार गाड्यांत सापडतात. एक डबल फ्लेअर, ४५ अंशाचा, आत दुमडलेला फुलासारखा, आणि दुसरा बबल फ्लेअर, गोल गाठीसारखा. दोन्हींची सीट वेगळी, एकाचा दुसऱ्यात बसत नाही, बसल्यासारखा वाटतो आणि पाझरतो. नटावरून ओळखायला जाल तर फसाल, कारण एम १० बाय १.० चा नट दोन्ही प्रकारांबरोबर येतो, बऱ्याच जपानी गाड्यांत तो डबल फ्लेअरबरोबर असतो आणि युरोपियन गाड्यांत बबलबरोबर. जुना पाइप काढून त्याचं टोक बघायचं, तेच खरं. सिंगल फ्लेअर, म्हणजे एकदाच पसरवलेला, कधीच चालणार नाही, तो कडेला चिरतो. आणि जोडावर टेफ्लॉन टेप लावायची नाही, तिथं आटे गळती थांबवत नाहीत, फ्लेअर आणि सीट थांबवतात, टेपचा तुकडा आत गेला तर एबीएसच्या व्हॉल्वमधे जाऊन बसेल.

मित्राच्या भीतीचं अजून एक. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे सर्किट असतात, एक लाइन फुटली तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. खरं आहे, पण पेडल एकदम बरंच खाली जातं, थांबायला अंतर खूप जास्त लागतं, आणि घाबरून लोक पाय उचलतात. पाय उचलायचा नाही, दाबत राहायचं, गिअर खाली आणायचे, हँडब्रेक हळूहळू ओढायचा. शिवाय पेडल दाबलं की लाइनमधे दाब तयार करणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरचं रबर रोज जितकं चालतं तितक्याच भागात फिरलेलं असतं, त्याच्या पुढच्या भागात घाण आणि गंज बसलेला असू शकतो, आणि नेमकं संकटात पेडल तळाला गेलं की ते रबर त्या खरखरीत भागावर जातं. त्याच कारणानं हवा काढताना मी जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत दाबू देत नाही, खाली लाकडाचा ठोकळा ठेवतो.

काम करून घेताना एवढं बघा की ब्रेक ऑइलचं रिझर्व्हायर रिकामं होऊ दिलं नाही, नाहीतर हवा एबीएसच्या युनिटमधे जाते आणि काही गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. ब्रेक ऑइल नवं, सीलबंद डब्यातलं, झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळतं आणि ३.७ टक्के पाणी शोषलं की तोच आकडा १५५ वर येतो, म्हणजे उघडा पडलेला डबा वापरणं म्हणजे नव्या होजमधे जुनं ऑइल घालणं. आणि इंजिन ऑइल लागलेल्या हातानं किंवा फनेलनं भरायचं नाही, खनिज तेलानं ईपीडीएमचं रबर फुगतं आणि मग होजच काय, सगळी सीलं जातात.

गाडी घरी आणली की पहिल्याच दिवशी इंजिन चालू ठेवून पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरा, हळूहळू खाली सरकता कामा नये. मग कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा, बँजोच्या दोन्ही बाजू, होजचं वरचं टोक, मागच्या पाइपची दोन्ही टोकं. आठवड्यानं परत एकदा, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी चाक निघेल तेव्हा. टिश्यू ओला निघाला तर नुसतं अजून आवळून सोडायला लावू नका, जोड उघडून वायसर आणि सीट बघायला सांगा, आणि तोपर्यंत ती गाडी उभीच ठेवा.